सी प्लस प्लसची पुस्तकं : आठ महिने वापरल्यावर

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं ऑटोमेशनचं छोटं काम आहे. फौंड्रीतले, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातले, वजनकाटे, तापमानाचे सेन्सर कॉम्प्युटरला जोडून द्यायचे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा मला डिप्लोमापासून येते. सी प्लस प्लस म्हणजे त्याच्या पुढची इयत्ता, असं धरून मी कपाटातलं कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं आणि कामाला लागलो.

ते पुस्तक टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनच्या जमान्यातलं. पहिल्याच ओळीत आयोस्ट्रीम डॉट एच हे जुन्या पद्धतीचं फाईलचं नाव. आजचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, सरळ सांगतो, अशी फाईलच नाही. ते दुरुस्त केलं की 'व्हॉइड मेन' या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या जुन्या ओळीवर अडतो. ही दुखणी किरकोळ. भाषेचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियमावली, १९९८ सालचं आणि माझं पुस्तक त्याच्याही आधीचं, त्यामुळे त्यात व्हेक्टरचा, म्हणजे मेमरीतली जागा स्वतःच घेणाऱ्या-सोडणाऱ्या यादीचा, पत्ताच नाही. मेमरीत जागा हवी की न्यू, काम झालं की ती सोडायला डिलीट, एवढंच मी शिकलो.

त्याच शिदोरीवर शिरोलीतल्या एका फौंड्रीत कास्टिंगच्या वजनाचा प्रोग्रॅम बसवला. काटा सेकंदाला दहा रीडिंग पाठवायचा. प्रत्येक रीडिंगला मी ६४ केबीचा बफर (डेटा ठेवायची तात्पुरती जागा) न्यूने घ्यायचो, लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, शेवटी डिलीट करायचो. चार दिवसांनी मेंटेनन्सच्या काकांचा फोन : "साहेब, तुमचं यंत्र रोज पहाटे तीनला मान टाकतंय बघा." मला वाटलं, लाईटचा घोळ. चूक माझीच होती. भट्टीच्या नॉईजमुळे एखादं रीडिंग खराब यायचं, ते टाळायला मी कंटिन्यू लिहिलं होतं. कंटिन्यू लूपच्या पुढच्या फेरीसाठी वर उडी मारायचं आणि डिलीट बिचारं खालीच राहायचं. संध्याकाळपासून असे बफर साचत पहाटे मेमरी भरायची.

याचं औषध मिळालं ते लिपमन, लाझोई आणि मू यांच्या 'सी प्लस प्लस प्रायमर'मध्ये. पाचवी आवृत्ती, २०१२ ची, सी प्लस प्लस ११, म्हणजे २०११ चं स्टँडर्ड, धरून लिहिलेली. स्ट्रिंग (मजकूर) आणि व्हेक्टर तिसऱ्याच प्रकरणात. न्यू-डिलीटची नीट ओळख थेट बाराव्यात, आणि तिथंही आधी स्मार्ट पॉइंटर, म्हणजे जागेचा पत्ता ठेवून काम संपलं की ती आपोआप सोडणारी सोय. हा क्रमच मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. बफरच्या जागी व्हेक्टर टाकला. लूपची फेरी संपली, मग ती कंटिन्यूने संपो नाहीतर आपसूक, व्हेक्टर आपली जागा आपणच सोडतो. काकांचा फोन नंतर आला तो पेमेंटचा चेक तयार आहे म्हणून.

तेव्हापासून दुकानात मी पुस्तक शेवटच्या पानांकडून उघडतो. सूचीत व्हेक्टर कितव्या पानावर आणि न्यू कितव्या पानावर, ते बघायचं. न्यू ऐंशीव्या पानावर आणि व्हेक्टर पाचशेव्या, तर पुस्तक परत फळीवर. मग आवृत्तीचं साल. २०११ च्या आधीचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. जुन्या पुस्तकांत ऑटो पॉइंटर या जुन्या स्मार्ट पॉइंटरचं कौतुक असतं. तो २०११ मध्ये बाद ठरला आणि सी प्लस प्लस १७ मधून काढूनच टाकला.

प्रायमरमध्ये खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पुस्तकविक्रीच्या हिशेबाचं एकच उदाहरण पानोपानी दळलंय. साडेनऊशेच्या वर पानं, माझ्या प्रतीची शिलाई चारशेव्या पानाशीच उसवली. पण बाराव्या प्रकरणाच्या शेवटचा, फाईलमधला शब्द कोणकोणत्या ओळींत आहे ते शोधणारा प्रोग्रॅम स्वतः टाईप कराच. मी तो फौंड्रीच्या लॉगवर चालवून 'रिजेक्ट' शोधला. एक सावधगिरी : 'प्रायमर प्लस' हे स्टीफन प्राटांचं वेगळं पुस्तक आहे. राजारामपुरीतल्या दुकानातून मी तेच घेऊन आलो होतो आणि तीन दिवस माझ्या लक्षातही आलं नाही. वाईट नाही, पण सी येणाऱ्याला फार सावकाश वाटतं.

भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आधी कधी प्रोग्रॅमिंग केलेलं नाही. त्याला भाषेचे जनक स्ट्राउस्ट्रुप यांचं 'प्रोग्रॅमिंग : प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस' दिलं, दुसरी आवृत्ती. त्यात कॅल्क्युलेटर आधी चुकत, मग सुधारत बनवलाय, ते पोरांना भावतं. ग्राफिक्सची लायब्ररी बसवण्यात मात्र मामा-भाच्याचे दोन रविवार गेले. आता घेणाऱ्याने २०२४ ची तिसरी आवृत्ती बघावी.

स्कॉट मेयर्स यांचं 'इफेक्टिव्ह मॉडर्न सी प्लस प्लस' मी हौसेनं दुसऱ्याच महिन्यात घेतलं. ४२ मुद्दे आहेत, आणि पहिलाच टेम्प्लेटमधल्या टाईप डिडक्शनचा, म्हणजे डेटाचा प्रकार कंपायलरने स्वतः ओळखण्याचा. डोक्यावरून गेला. पाच महिने पुस्तक टीव्हीखाली पडून होतं. प्रायमर संपल्यावर अठरा ते बावीस, स्मार्ट पॉइंटरचे मुद्दे वाचले, तेव्हा कुठे पैसे वसूल झाले. त्यातही सी प्लस प्लस १४ पर्यंतचंच आहे. पुढच्यासाठी स्ट्राउस्ट्रुप यांच्याच 'अ टूर ऑफ सी प्लस प्लस'ची २०२२ ची तिसरी आवृत्ती आणलीय. बारीक आहे, पण भरभर पळते. सध्या रात्री जेवणानंतर पाच-सहा पानं होतात, त्यातली दोन दुसऱ्या दिवशी परत वाचावी लागतात.