क्लास लावण्याआधी विचारा, फॉर्म कोण भरतं

आमच्या तालुक्याच्या गावात गाण्याचे क्लास बोटावर मोजण्याइतके. त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या क्लासमध्ये माझी पोरगी प्रवेशिका पूर्ण या परीक्षेपर्यंत शिकली. आता तिथे जात नाही. आमचं कृषी केंद्र आहे, काउंटरवर मीच बसते. बियाणं घ्यायला आलेल्या बाया हळूच विचारतात, "वहिनी, तो क्लास कसा आहे? आमच्या पोरीले लावू का?" प्रत्येकीला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

क्लासचं नाव देत नाही. तिथल्या एका लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू आहे, आणि तक्रार करणारीचं नाव, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं नाव, तक्रारीतला मजकूर, यातलं काहीही जाहीर करायला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मनाई आहे. जिल्हा यवतमाळ, एवढं पुरे. ओळख पटेल अशा एकदोन खुणा बदलल्या आहेत.

आधी शिकवण्याचं. शिकवणं उत्तम. भूप राग सुरू केला तेव्हा सरांनी पंधरवडाभर पोरींना गंधाराच्या पुढे जाऊ दिलं नाही. "ग कुठे उभा आहे ते आधी ऐका, मग वर चढा." पोरी कंटाळल्या. पण त्यानंतर माझी पोरगी भांडी घासता घासता, पेटी जवळ नसताना, नेमकी त्या ग वर जाऊन थांबायला लागली. तीनतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, वहीत उतरवून भागत नसे, टाळी-खाली हातावर दाखवत म्हणावी लागायची. तबलजी आठवड्यातून एकदा खरोखरचा यायचा. बाकीकडे मोबाईलमधला तबला वाजतो. फी महिना सहाशे, परीक्षेची वेगळी. खोली पतसंस्थेच्या वर, चपला जिन्यात, उन्हाळ्यात भट्टी. ३० एप्रिलला ग्रामजयंतीच्या कार्यक्रमात क्लासच्या पोरी तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायच्या, खंजेरीवर गावातलेच म्हातारे, आणि अख्खं गाव उभं राहून ऐकायचं.

एवढं चांगलं असताना पुढचं लिहायला जड जात असेल, असं कुणाला वाटेल. मला नाही जात.

त्या क्लासमध्ये सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात होत्या. गाण्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व मंडळाचा फॉर्म सर भरणार. दहावीला शास्त्रीय गायनाचे वाढीव गुण मिळतात, त्याची कागदपत्रं सर जुळवणार. पेटी घ्यायची तर सरांच्या ओळखीच्या दुकानातून. तबलजी सरांचा. गणपतीत कोण गाणार, ग्रामजयंतीला माईकसमोर कोण उभी राहणार, तेही सरच ठरवणार. पालकांना हे सोयीचंच पडतं. पेरणीच्या दिवसांत फॉर्म भरत बसायला कोणाला वेळ आहे?

प्रारंभिकची, म्हणजे सगळ्यात पहिल्या परीक्षेची, बॅच एक ताई घ्यायची. स्वतः विशारदची, म्हणजे वरच्या परीक्षेची, तयारी करत होती. मानधन अडीच हजार, तेही कधी महिन्याला, कधी एकदम दिवाळीला. लहान पोरं तिच्याभोवती माशांसारखी घोंगावायची. तिने सरांविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार दिली, आधी क्लासच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे. तक्रारीत काय आहे ते मी इथे मांडणार नाही, ते चौकशी करणारे बघतील. मी लिहिते आहे ते तक्रारीनंतर क्लासने जे केलं त्याबद्दल. ते जिन्यात, ग्रुपवर, सगळ्यांसमोर झालं. हे लिहायच्या आधी ताईला विचारलं आहे.

पहिल्यांदा बॅच गेली. "प्रारंभिक आता सर स्वतः घेतील." मग ताईच्या रियाजाला तबलजी यायचा थांबला. त्याला बाजारात गाठून विचारलं तर म्हणाला, "वहिनी, मले बी पोट आहे." मग ग्रुपवर मेसेज: काही व्यक्ती संस्थेची बदनामी करत आहेत, पालकांनी अशांच्या संपर्कात राहू नये. नाव नव्हतं, पण "काही व्यक्ती" कोण हे पहिलीतल्या पोरालाही कळत होतं. गणपतीच्या कार्यक्रमातून तिचं नाव गेलं. आणि दिवाळीनंतरच्या सत्राचा तिचा विशारदचा फॉर्म "राहून गेला". क्लासमधल्या इतक्या पोरांमधून फॉर्म राहिले फक्त तिघींचे. एक ताईचा. एक त्या मुलीचा, जिच्या आईने अध्यक्षांना तोंडावर विचारलं होतं. तिसरा माझ्या पोरीचा. तिचा गुन्हा हा की ती थिअरीची वही द्यायला ताईच्या घरी गेली होती आणि तासभर तिथेच बसली.

पोरीला कोणी रागावलं नाही. तेच तर बघण्यासारखं होतं. आधी तिची जागा पुढच्या सतरंजीवरून मागे गेली. मग समूहगीतातून काढली: "आवाज बसलाय तुझा, थोडा आराम दे." आवाज ठणठणीत होता. नंतर नंतर सर तिची चूकही दाखवेनात. गाण्याच्या क्लासमध्ये चूक न दाखवणं म्हणजे काय, ते शिकणाऱ्याला विचारा. घरी आली की पोरगी म्हणायची, "आई, मी बेसूर गायले तरी ते पुढच्या मुलीकडे वळतात."

इतर आया काय म्हणाल्या? एक म्हणाली, "आपली पोट्टी पास होऊन राहिली ना, मंग आपल्याले काय करा लागते?" दुसरीला सगळं पटत होतं, पण तिचा पोरगा दहावीला, गुणांचे कागद अडकलेले. या बायांना मी भित्र्या म्हणणार नाही. त्या हिशोब करत होत्या आणि हिशोब बरोबर होता. बोललं तर काय काय जाईल ते त्यांना रुपया-पैशात दिसत होतं.

अध्यक्षांनी मला दुकानात येऊन समजावलं. "आपसात मिटवून घेऊ. पोरीची जात, उद्या लग्न जमायचं आहे." मी त्यांना एवढंच म्हटलं: सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी तक्रार करतो, तेव्हा तालुक्याची समिती त्याच्या बांधावर येते, पंचनामा करते, पिशवी, टॅग, बिल बघते. त्याने तक्रार केली म्हणून मी त्याला पुढच्या हंगामात युरिया नाकारला तर माझा परवाना राहील का? त्यांनी चहा अर्धा सोडला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात वकिलाचं पत्र आलं, ताईच्या घरी. मुद्दा असा की ती नोकरीलाच नव्हती, नेमणुकीचा कागद नाही, तेव्हा हा कायदा इथे लागू नाही. साफ खोटं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात मानधनावरची, शिकाऊ, रोजंदारीची, तोंडी ठेवलेली, सगळ्या बाया कर्मचारीच धरल्या आहेत. एवढंच काय, छळ झालेली बाई तिथे कामाला असलीच पाहिजे असंही नाही, आणि खासगी शिकवणारी संस्थाही कामाच्या ठिकाणात मोडते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी यवतमाळला चकरा मारायची गरज नाही. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी असायला हवा, त्याने तक्रार घ्यायची आणि ७ दिवसांत पुढे पाठवायची. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार द्यावी लागते. उशिराचं कारण समितीला पटलं तर आणखी ३ महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. आणि ते "आपसात मिटवणं"? समेट फक्त बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच.

हे सगळं कागदावर छान आहे. आमच्या कचेरीतल्या बाबूला नोडल अधिकारी हा शब्दच नवा होता. "पोलिसात जा ना बाई," म्हणाला. मग दुसऱ्या टेबलावर, मग तिसऱ्या. ताई रडकुंडीला आली होती, मी सोबत होते. खतांच्या नोंदी घेऊन सरकारी टेबलांसमोर उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती पोच मिळाली. संध्याकाळ झाली, पण मिळाली.

आणखी एक कलम ताईला फार उपयोगी पडलं, आणि ते कोणी आपणहून सांगत नाही. चौकशी चालू असताना ज्याच्यावर तक्रार आहे त्याने तिच्या शिक्षणावर देखरेख करू नये, तिच्या कामाचा अहवाल लिहू नये, असा अंतरिम आदेश मागता येतो. मात्र लेखी मागावा लागतो. राहून गेलेला फॉर्म, बंद झालेला तबलजी, ग्रुपवरचा मेसेज, यांचे स्क्रीनशॉट त्याच अर्जाला जोडले. परीक्षेची फी क्लासने फोनपेवर घेतली होती, त्याची नोंद तर आयतीच होती. फी घेतली आणि फॉर्म नाही, याचा खुलासा संस्थेने अजून दिलेला नाही. माझे पैसेही परत आलेले नाहीत.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण तिचा रस्ताच वेगळा आहे. पोरगी किंवा पोरगा अठराच्या आतला असेल तर ही समिती, हे अध्यक्ष, काही नाही. तो पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा मामला, थेट पोलीस. माहीत असून कळवलं नाही तर तो स्वतःच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी जास्त शिक्षा आहे. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, घेणारा पोलीस वर्दीत नसावा. काही सुचलं नाही तर मुलांची हेल्पलाइन, १०९८.

गावात काहींचं म्हणणं, असले प्रकार आपल्याकडेच, मोठ्या संस्थांमध्ये शिस्त असते. चेन्नईचं कलाक्षेत्र, नृत्य-संगीत शिकवणारी संस्था, केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाखालचं, देशभर नावाजलेलं. तिथे २०२३ च्या मार्चमध्ये विद्यार्थिनी उघडपणे धरण्यावर बसल्या, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि एप्रिलमध्ये एका शिक्षकाला अटक झाली. त्याआधी संस्थेने आरोप बिनबुडाचे ठरवून टाकले होते. त्याच चेन्नईत २०१८ साली म्युझिक अकादमीने आरोप झालेल्या सात कलावंतांना डिसेंबरच्या महोत्सवातून वगळलं. म्हणजे मंच ज्याच्या हातात आहे तो मनात आणलं तर आरोप झालेल्यालाही बाजूला ठेवू शकतो. आमच्याकडे मंचावरून ताईलाच उतरवलं.

आता दुसऱ्या क्लासबद्दल. एक निवृत्त शिक्षिका घरच्या ओसरीत घेतात. खरं सांगायचं तर शिकवणं पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही. तबला मोबाईलचा. बाई यमन शिकवतात, पण त्यांचा तीव्र मध्यम कधी कधी शुद्धाकडे सरकतो, हे माझ्या पोरीने मला सांगितलं, त्यांना नाही. शेजारी पिठाची गिरणी आहे, पाचनंतर ती सुरू झाली की आलाप संपला. पोरगी कुरकुरते. जुन्या क्लाससारखा ग इथे कोणी ऐकवत नाही म्हणते, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण फॉर्म पालकांच्या हातात देतात. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "भरा तुम्हीच, मी फक्त तपासून देईन. कोणतं केंद्र पाहिजे ते तुम्ही बघा." पावती तिथल्या तिथे. पेटी कुठूनही आणा. ओसरीला दार नाहीच, आजी-आजोबा बसलेले असतात, कोणी तूर निवडत असतं. एकट्या मुलीला मागे थांबवायचं असलं की बाई आधी घरी फोन करतात.

कोणताही क्लास लावताना मी आता हेच विचारते: उद्या इथून पोरगी काढली तर तिचं काय काय अडकेल? "काही नाही" असं उत्तर आलं तर शिकवणं थोडं कमी असलं तरी चालेल. गंधार नंतर शिकता येतो, यवतमाळला जाऊनही शिकता येतो.

ताईने विशारदचा फॉर्म दुसऱ्या केंद्रावरून भरला. स्थानिक समितीत एक सुनावणी झाली, दुसरीची तारीख पुढे गेली आहे. दरम्यान ओसरीवाल्या बाईंनी तिला प्रारंभिकची बॅच दिली. ते कळताच दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली, एकाने तर महिन्याची भरलेली फीसुद्धा मागितली नाही. बाईंनी ती पाकिटात घालून घरपोच दिली. त्यामुळे प्रारंभिकच्या बॅचमध्ये सध्या जागा आहेत. सोमवार ते शुक्रवार, साडेतीन ते साडेचार, म्हणजे गिरणी सुरू व्हायच्या आत. फी चारशे. पत्ता पाहिजे तर दुकानात येऊन विचारा.