कैवल्यधाम, लोणावळा: जरूर जा

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ही योगसंस्था. योगाला प्रयोगशाळेत तपासून पाहण्याची त्यांची शिस्त इथल्या शिकवण्यात अजून जाणवते. सकाळी जलनेती. कोमट मिठाच्या पाण्याच्या भांड्याची तोटी एका नाकपुडीला लावायची, मान कलती ठेवून तोंडाने श्वास घ्यायचा, पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आपसूक बाहेर येतं. चोंदलेलं नाक इतकं मोकळं झालं की बाहेरच्या ओल्या मातीचा वास छातीभर आला! आसन करताना गुडघा दुखू लागला, तर शिक्षिका म्हणाल्या, “ताई, दुखतंय तिथे थांबा.” घरात सगळ्यांचं करताना मला हे कधी कुणी म्हटलंच नव्हतं. डोळे भरून आले. जेवण साधं, सात्त्विक. पावसाळ्यात लोणावळ्यात कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्तीचे न्या.