जुन्या बाइकचा डिस्क ब्रेक: पॅड आणि ऑइल घरी बदलायचं की गॅरेजमध्ये?

दहा-पंधरा वर्षं जुनी पल्सर किंवा युनिकॉर्न असेल आणि पुढचा ब्रेक पूर्वीसारखा धरत नसेल, तर पॅड आणि ब्रेक ऑइल ही दोन वेगळी कामं समजा. माझं मत आधीच सांगतो: पॅड घरी बदला. ऑइलचा निर्णय मात्र गाडी बघून घ्या.

पॅडसाठी घर चांगलं, कारण तिथे वेळ मिळतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये नवे पॅड बसवून गाडी बाहेर काढतात; कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावायला क्वचितच कुणी थांबतं. जुने पॅड शेजारी ठेवून बघा. एक बराच झिजलेला आणि दुसरा जाड दिसला, तर बहुधा पिना किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय. नुसते नवे पॅड टाकले तर तेही तसेच झिजतील. पिस्टन आत ढकलण्याआधी त्याची बाहेर आलेली कड ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर ती घाण सीलवर घासते. तो आत जाताना हँडलवरच्या डबीत ऑइल वर चढतं, तेव्हा झाकण उघडून लक्ष ठेवा. टाकीवर सांडलं तर रंग जातो. लगेच पाण्याने धुवा. काढलेला कॅलिपर होजवर, म्हणजे ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवू नका. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही याच वेळी मोजून घ्या.

ऑइलकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात, आणि मला काळजी त्याचीच वाटते. डॉट ३ आणि डॉट ४ या ग्रेडचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला असतो. ऑइल उकळलं की वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, आपल्या पावसात तर नक्कीच. वरून थोडं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. डबीतली पातळी पॅड झिजल्यानेही उतरते, तेव्हा आधी पॅड बघा.

घरी हे काम ८ नंबरचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि बाटली यांवर होतं. लिव्हर दाबून धरा, कॅलिपरवरचा निपल (ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) सैल करा, ऑइल आलं की बंद करा, मगच लिव्हर सोडा. दुसरा माणूस असेल तर फार सोपं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर लाइनमध्ये हवा शिरते आणि सगळं पुन्हा.

निर्णय त्या निपलवर आहे. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवल्यावरही तो हलत नसेल, तर जोर लावू नका. तुटला तर कॅलिपरच बदलावा लागू शकतो. अशी गाडी सरळ गॅरेजला न्या. कॅलिपर ओलसर असेल, किंवा हवा काढूनही लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू हँडलकडे जात असेल, तरीही तेच. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एबीएसची गाडी असेल तर ऑइल सर्व्हिस सेंटरमध्येच बदला. गॅरेजमध्येही सीलबंद बाटली समोर उघडायला सांगा, कारण अर्धी वापरून ठेवलेली बाटली ओलावा घेत असते. डबीच्या झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

पैशांसाठी म्हणाल, तर एकाच वेळेपुरती हत्यारं विकत घेण्यात फारशी बचत नाही. दर दोन वर्षांनी स्वतः करणार असाल तर आहे.

काम कुठेही करून घ्या, निघण्यापूर्वी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेला असताना पहिले काही दाब रिकामेच जातात. मग मोकळ्या जागेत हळू चालवून बघा, आणि नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.