स्निग्ध कमी करायचं, की नुसतं बदलायचं?

आतड्याला सूज आहे म्हटल्यावर ‘तेलकट बंद कर’ हा सल्ला पहिला येतो. त्याच आठवड्यात दुसरं कुणी कीटोने, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट-साखर अशा आहाराने, आपलं पोट कसं शांत झालं ते ऐकवून जातं. ऐकायचं कुणाचं?

आधी प्रमाण बघू. २,००० कॅलरींच्या आहारात २० टक्के कॅलरी स्निग्धातून म्हणजे साधारण ४४ ग्रॅम स्निग्ध. ४० टक्के म्हणजे ८९. चीनमध्ये २१७ निरोगी तरुणांना सहा महिने २०, ३० किंवा ४० टक्के स्निग्धाचा आहार दिला. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ४० टक्केवाल्यांच्या आतड्यात फीकॅलिबॅक्टेरियम हा उपकारक जिवाणू घटला, आतड्यातले जिवाणू चोथ्यापासून बनवतात ते ब्युटिरेट हे आम्ल कमी झालं, रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढल्या. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. २० टक्केवाल्यांत जिवाणूंची विविधता उलट वाढली. आणि वाढवलेलं स्निग्ध बहुतांशी सोयाबीन तेलाचं होतं, म्हणजे ‘वनस्पती तेल आहे, चालतं’ ही पळवाटही बंद.

तरी स्निग्ध कुठलं, याने फरक पडतोच. २०१२ साली शिकागोच्या संशोधकांनी उंदरांना दुधाचं संतृप्त स्निग्ध दिलं. ते पचवायला यकृताने टॉरिन या गंधकयुक्त द्रव्याला जोडलेली पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) जास्त सोडली, आणि त्या गंधकावर पोसणारा बिलोफिला हा जिवाणू फोफावला. सूज येण्याकडे जनुकीय कल असलेल्या उंदरांत कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, वाढला. तेवढंच करडईचं तेल खाणाऱ्यांत तसं झालं नाही. हे उंदीर होते, हे विसरू नका. पण २०१४ च्या एका प्रयोगात माणसांनी फक्त पाच दिवस मांस, अंडी, चीज असा आहार घेतला, तर त्यांच्यातही बिलोफिला वाढला.

म्हणून, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण आणणारा दीर्घकाळचा आजार) असून सध्या तो शांत किंवा सौम्य असेल, तर मी कमी स्निग्ध आणि जास्त चोथा हीच बाजू घेईन. अशा १७ रुग्णांना चार आठवडे १० टक्के आणि चार आठवडे ३५ ते ४० टक्के स्निग्धाचा आहार देऊन पाहिलं. कमी स्निग्धाच्या काळात दाहाची एक खूण उतरली आणि फीकॅलिबॅक्टेरियम वाढलं. रुग्ण मोजकेच होते, पण तुलना त्याच माणसाची त्याच्याशीच होती, हे मला पटतं.

क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या सुजेच्या आजारात आतडं अरुंद झालं असेल तर मात्र चोथा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिथे तो अडकतो. कुठलाही आजार नसेल तर १० टक्क्यांचा हट्ट कशाला? लोणी-साय आवरून ३० च्या आत राहिलात तरी पुष्कळ. कीटो मी आतड्यासाठी सुचवणार नाही.

कोलायटिसवाल्यांनी आहार बदलण्याआधी आणि सहा-आठ आठवड्यांनी मलाची कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की मलात वाढणारं प्रथिन) तपासणी करावी. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत सहसा ठीक, २५० च्या वर सूज धरून चालतात. तोवर औषधं चालूच ठेवा.