जुन्या एएमआयची साफसफाई आणि जावा एसडीके : वापरून पाहिल्यानंतरचे परीक्षण

दर आठवड्याला नवी इमेज बांधणारी पाइपलाइन एकदा लावून दिली की वर्षभरात एकेका रेसिपीमागे (इमेजमध्ये काय काय असावे याच्या नोंदीमागे) पन्नासहून अधिक एएमआय, म्हणजे ज्यांवरून क्लाउडमधील मशीन सुरू होते अशा इमेज, आणि त्यांच्यापोटी किमान तितकेच स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या प्रती, साठतात, आणि त्या स्नॅपशॉटचे भाडे दरमहा मुकाट्याने बिलात चढत राहते. अ‍ॅमेझॉनची ‘ईसीटू इमेज बिल्डर’ ही अशा पाइपलाइन चालवणारी सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आली. हा पसारा आपोआप आवरणारी लाइफसायकल पॉलिसी तिला मिळाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. तोवर हे काम जो तो आपापल्या स्क्रिप्टने करीत असे आणि आम्हीही तेच करीत होतो. आता आमच्या सर्व पॉलिसी जावा एसडीकेच्या (या सेवा जावा प्रोग्राममधून वापरण्यासाठीच्या तयार कोडच्या) दुसऱ्या आवृत्तीतून तयार होतात, तेव्हा येथे परीक्षण करायचे आहे ते या पॉलिसीच्या एसडीकेमधील मांडणीचे.

पॉलिसीच्या प्रत्येक नियमात कृती, निकष आणि अपवाद असे तीन घटक असतात. कृती डेप्रिकेट (कालबाह्य म्हणून खूण करणे), डिसेबल (वापर बंद करणे) किंवा डिलीट (काढून टाकणे) यांपैकी एक असते आणि एका पॉलिसीत जास्तीत जास्त तीन नियम बसतात, म्हणजे तीन महिन्यांनी डेप्रिकेट, पाच महिन्यांनी डिसेबल आणि सहा महिन्यांनी डिलीट अशी उतरंड एकाच ठिकाणी लिहिता येते. ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने घडवणाऱ्या बिल्डरमध्ये लॅम्ब्डा (जागीच लिहिलेले निनावी फंक्शन) देण्याची सोय असल्यामुळे हा कोड वरून खाली सरळ वाचता येतो आणि ज्याने तो लिहिला नाही त्यालाही रिव्ह्यू करताना अर्थ लागतो. नावांबाबत मात्र हात आखडता घेतलेला नाही. ‘लाइफसायकलपॉलिसीडिटेलएक्सक्लूजनरूल्सएएमआयजलास्टलाँच्ड’ हे एकाच क्लासचे नाव आहे; नावातच संपूर्ण वंशावळ आली आहे.

खरी अडचण निकषाच्या क्लासमध्ये आहे. निकष दोन प्रकारचे असतात : वयानुसार आणि संख्येनुसार. एकक, म्हणजे दिवस, आठवडे, महिने किंवा वर्षे, आणि ‘रिटेन अ‍ॅट लीस्ट’, म्हणजे वय उलटले तरी किमान किती इमेज राखायच्या ती १ ते १० मधील संख्या, या दोन्ही गोष्टींना केवळ वयाच्या निकषातच अर्थ आहे. पण क्लासमध्ये प्रकार, मूल्य, एकक आणि ‘रिटेन अ‍ॅट लीस्ट’ ही चारही फील्ड शेजारी शेजारी मांडलेली असून, संख्येच्या निकषाला ‘महिने’ हे एकक जोडले तरी कंपायलर ब्र काढत नाही. आवश्यक फील्ड राहून गेले तरी ‘बिल्ड’ निमूटपणे ऑब्जेक्ट हातात देते आणि चूक कळते ती विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचल्यावर. पायथनमधील बोटोथ्री (पायथनसाठीचा असाच एसडीके) निदान आवश्यक फील्डची तपासणी विनंती पाठवण्याआधीच करते. हे क्लास सेवेच्या मॉडेलवरून यंत्राने तयार केलेले आहेत आणि एसडीकेला जावा ८ चाही सांभाळ करावा लागतो, त्यामुळे जावा १७ मधील सील्ड इंटरफेस (कोणते प्रकार चालतील हे आधीच ठरवून देणारी सोय) वापरून दोन निकषांचे दोन वेगळे प्रकार करणे त्यांना शक्य नव्हते, हे मान्य आहे. तरीही क्लास जेएसॉनचा, म्हणजे सर्व्हरला पाठवायच्या मजकुराचा, आकार सांगतो, नियमाचा अर्थ सांगत नाही, ही तक्रार उरतेच.

कृतीसोबत एएमआय, स्नॅपशॉट आणि कंटेनर असे तीन बुलियन (होय-नाही मूल्ये) येतात. केवळ एएमआयचा बुलियन ‘ट्रू’ करून डिलीट लावले तर एएमआयची नोंद जाते, स्नॅपशॉट मागे राहतात आणि ज्या भाड्यासाठी हा सारा खटाटोप केला ते चालूच राहते. आमच्या पहिल्या पॉलिसीत नेमके हेच झाले होते.

दुसरी चूकही आमचीच, आणि ती महागात पडली. ‘लास्ट लाँच्ड’ हा अपवाद तीन महिन्यांचा ठेवून आम्ही निर्धास्त झालो होतो, पण हा अपवाद एएमआयवरून मशीन शेवटचे कधी सुरू झाले ते पाहतो, त्यावरची मशीन अजून चालू आहेत का ते पाहत नाही. अहवाल तयार करणाऱ्या आमच्या एका ऑटोस्केलिंग ग्रुपमध्ये (मशीनची संख्या आपोआप राखणाऱ्या गटात) तीच दोन मशीन सात महिने अखंड चालू होती, त्यामुळे त्यांची एएमआय ‘न वापरलेली’ ठरून डिलीट झाली. चालू मशीनला काहीच झाले नाही. पुढे एका रात्री त्यांतले एक मशीन हेल्थ चेकमध्ये नापास झाले, ग्रुप नवे मशीन उभे करायला गेला आणि लाँच टेम्प्लेटमधील, म्हणजे नवे मशीन कसे उभे करायचे याच्या नमुन्यातील, एएमआय जागेवर नव्हती. तेव्हापासून चालू लाँच टेम्प्लेटमधील प्रत्येक एएमआयला आम्ही एक टॅग लावतो आणि अपवादांच्या टॅगमॅपमध्ये तोच टॅग देतो.

कंटेनर इमेज साठवणाऱ्या ईसीआरच्या पॉलिसीशी तुलना केली की गंमत दिसते. तेथे त्याच एसडीकेमध्ये संपूर्ण पॉलिसी जेएसॉनची एक स्ट्रिंग म्हणून द्यावी लागते. क्लास नाही, ईनम (ठरावीक मूल्यांची यादी) नाही, अवतरणचिन्हे सांभाळत बसायचे. पण कोणत्या इमेज जातील हे आधी दाखवणारी प्रिव्ह्यूची मेथड तेथे आहे. इमेज बिल्डरच्या, आम्ही वापरत असलेल्या क्लायंटमध्ये क्लास आहेत, प्रिव्ह्यू नाही. निवड करायला सांगितली तर मी प्रिव्ह्यू मागेन.

ईनमची हाताळणी मात्र उत्तम आहे. सेवेने उद्या नवी स्थिती आणली तर जुन्या एसडीकेवरील प्रोग्राम कोसळत नाही. त्याला ‘अननोन टू एसडीके व्हर्जन’ हे मूल्य मिळते आणि मूळ शब्द ‘स्टेटस अ‍ॅज स्ट्रिंग’ या मेथडने वाचता येतो.

पॉलिसी बदलण्याचे काम कंटाळवाणे आहे. वाचताना मिळतो तो एक क्लास आणि बदलाच्या विनंतीचा क्लास वेगळा, त्यामुळे असलेल्या ऑब्जेक्टवरून बदललेली प्रत काढू देणाऱ्या ‘टू बिल्डर’चा उपयोग होत नाही. केवळ सुरू-बंदची स्थिती बदलायची असली तरी रोल (परवानग्यांचा संच), इमेजचा प्रकार, नियम आणि रेसिपींची निवड हे सारे एकेक करून पुन्हा भरावे लागते. आम्ही यासाठी शंभरेक ओळींचा स्वतःचा क्लास लिहिला असून, त्यात वयाच्या आणि संख्येच्या निकषांसाठी दोन स्वतंत्र मेथड आहेत, स्नॅपशॉटचा बुलियन डिलीटबरोबर आपोआप ‘ट्रू’ होतो आणि नवी पॉलिसी नेहमी ‘डिसेबल्ड’ स्थितीतच जन्माला येते.

दोन-चार ठरलेल्या पॉलिसी असतील तर क्लाउडफॉर्मेशनच्या (हवी ती रचना फाइलमध्ये लिहून उभी करणाऱ्या सेवेच्या) टेम्प्लेटमध्ये त्या सुखाने मावतात आणि तेथे या एसडीकेच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. प्रत्येक टीमसाठी वेगळी मुदत आणि वेगळे टॅग लावून पॉलिसी प्रोग्रामने तयार करायच्या असतील, तर हीच वाट बरी. मात्र वर सांगितलेल्या स्वतःच्या क्लाससाठी दोन दिवस राखून ठेवावेत.