शिलाई मशीन, आठ महिन्यांनंतर: जीन्सच्या जाड शिवणीपाशी गाडी अडते

टाके किती, मोटर केवढी, हे खोक्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यात जात नाही. आठ महिने या छोट्या घरगुती मशीनवर मी फक्त वापरलेले कपडे शिवले. ढगळ शर्ट बाहीपासून खालपर्यंत एकाच टिपेत अंगाबरोबर आणले, कॉलर उलटवल्या, जीन्स आखूड केल्या. सुती शर्टांवर टीप अशी सरळ बसते की विकतच्या कपड्यात आणि यात फरक कळत नाही.

गेल्या महिन्यात जीन्सच्या तळाला टीप मारताना खट्ट आवाज झाला. सुई तुटली, टोक शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा गुंफणाऱ्या भागात, अडकलं. टोक काढलं, नवी सुई घातली, पण टाकाच पडेना. सर्व्हिसवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं, ‘जाड कापड शिवलंत, वॉरंटीत बसत नाही.’ पुस्तिकेत डेनिम चालतं असं छापलेलं आहे! तिसऱ्या फेरीला ते पान समोर धरलं तेव्हा टायमिंग फुकट बसवून मिळालं. शटलचं टोक सुईमागच्या खाचेला जवळजवळ चाटून जातं आणि दोऱ्याचा फास उचलतं. सुई आपटून ते गणित हललं होतं, एवढंच. एक पैसा द्यायचा नव्हता आणि दिला नाही.

आता ती शिवण. तळ दोनदा दुमडला की कापडाचे तीन पदर होतात. पण मांडीच्या आतल्या बाजूला जीन्सची शिवण एकात एक अडकवलेली असते, तिथे मुळातच चार पदर असतात. म्हणजे त्या बोटभर जागेत बारा पदर! फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, चढावर आलं की पुढून उचलतं, मागून कलतं, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दात्यांना ते नीट पकडता येत नाही, टाके मोहरीएवढे होतात. आपण मागून ओढतो, सुई वाकते आणि खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते. त्या दिवशी नेमकं हेच झालं.

तेव्हा मी या मशीनला पाचपैकी एक दिला असता. आज चार देते, कारण निम्मा दोष सुईचा होता. पहिल्या दिवशीची ९० नंबरची, म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडीची सुई मी आठ महिने बदललीच नव्हती. आता जीन्सला १०० ची, डेनिमसाठीची सुई घालते. शिवण आधी हातोडीने ठोकून चपटी करते. चढ आला की डेनिमच्या तुकड्याची घडी फुटाच्या मागे सरकवते, म्हणजे फूट सपाट राहतं, आणि तेवढे चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घेते. त्यानंतर एकही सुई तुटलेली नाही. पाचवा गुण मात्र मी देणार नाही: फूट याहून थोडं जास्त उचललं जायला हवं होतं. बारा पदर खाली सरकवताना प्रत्येक वेळी बोटांनी दाबून घुसवावे लागतात.

मशीन दुरुस्तीला होतं तेव्हा हाताने साशिको करून पाहिलं. ही जपानी रीत आहे, निळ्या कापडावर पांढऱ्या जाड सुती दोऱ्याने घातलेला धावदोराच. माझी अडचण अशी होती की एक आखूड जीन्स लांब करायला तळ उसवला आणि जुन्या घडीची पांढरट रेघ उघडी पडली. रेघेखालचं कापड नव्यासारखं गडद, वरचं विटलेलं. कितीही धुतलं तरी रेघ जाईना. तिच्यावरच टाक्यांच्या पाच ओळी घातल्या. लांब सुईवर सात-आठ टाके भरून घ्यायचे, मग दोरा ओढायचा आणि कापड बोटांनी पसरायचं. ओळ संपून वळताना दोऱ्याला जरा ढील सोडायची, नाहीतर कापड आकसतं. पहिली ओळ मला त्यासाठीच उसवावी लागली. वरचा टाका खालच्यापेक्षा किंचित लांब ठेवला की तांदळाचे दाणे मांडल्यासारखं दिसतं. रेघ आता शोधूनही सापडत नाही, आणि ती जीन्स मी सगळ्यात जास्त घालते.

मशीन घेणार असाल तर जीन्सचा तळ सोबत न्या आणि आतल्या शिवणीवरून टीप मारून दाखवायला सांगा. सपाट कापडावर सगळीच मशीन छान चालतात.