ऑनलाइन मध्यस्थी सेवा: मध्यस्थ उत्तम, फॉर्म एकांगी

घरातले आणि शेजारचे तंटे व्हिडिओ कॉलवर सोडवायला मदत करणारी एक सेवा मी दोन वेगळ्या भांडणांसाठी वापरली. पाचपैकी साडेतीन तारे देते. कापलेला दीड तारा जवळजवळ सगळा फॉर्मच्या नावावर आहे.

नोंदणी करतानाच प्रश्न येतात: तुमची गरज काय? तुम्हाला काय वाटतं? तुमच्या कोणत्या हक्काला बाधा आली? यात काय चुकलं, असं वाटेल. पण वरच्या मजल्यावरच्या काकांना रात्रीच्या खुर्च्या ओढण्याबद्दल निमंत्रण गेलं, त्यावर केस क्रमांक होता. काका भडकले. खुर्च्यांवरून नव्हे, मेलवरून. “जिना चढून यायचं, बेल वाजवायची, सांगायचं. नोटीस कसली पाठवता?” मी लेखी कळवलं ते त्यांना विचार करायला सवड मिळावी म्हणून. त्यांच्या लेखी तो संबंध तोडण्याचा प्रकार होता. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या आणि आवाज थांबला. राग त्यानंतरही बराच टिकला.

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे हा फॉर्म कुठून आला ते ओळखू येतं. सांस्कृतिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 च्या एका लेखात, भुवनेश्वरमधल्या मुलाखतींच्या आधारे, बऱ्यावाइटाच्या तीन भाषा मांडल्या. एक स्वायत्ततेची: हक्क, निवड, इजा. दुसरी समुदायाची: नातं, कर्तव्य, मान. तिसरी पावित्र्याची. फॉर्मला फक्त पहिली येते. वर तो स्वतःला निःपक्षपाती म्हणवतो.

दुसरं भांडण आईच्या सांभाळाचं. आई दादाकडे असते. मी म्हटलं, पगारी मदतनीस ठेवू आणि खर्च निम्मा निम्मा करू. माझ्या दृष्टीने हा सरळ न्याय होता. दादाच्या दृष्टीने मी पैसे देऊन अंग काढून घेत होते. त्याला माझा निम्मा वाटा नको होता, मी येऊन राहायला हवी होते. जोन मिलर आणि डेव्हिड बरसॉफ यांचा 1992 चा एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या वेळेवर पोचवायच्या आहेत, खिशात पैसे नाहीत, आणि कुणाच्या तरी कोटातलं रेल्वेचं तिकीट घेतल्याशिवाय मार्ग नाही. म्हैसूरमध्ये बहुतेकांचा कल अंगठ्या पोचवण्याकडे होता, अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये चोरी न करण्याकडे. वर्गात हे सांगणं सोपं आहे. न्यू हेवनच्या बाजूला बसून म्हैसूरच्या बाजूच्या सख्ख्या भावाशी बोलणं हा वेगळा पेपर आहे.

इथे मध्यस्थ बाईंनी साडेतीन तारे कमावले. त्यांचा नियम असा की समोरच्याचं म्हणणं तो “हो, हेच” म्हणेपर्यंत आपण बोलून दाखवायचं, मगच स्वतःचं मांडायचं. (ही युक्ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्येच सुचवली होती. करताना घाम फुटतो.) मी म्हटलं, “दादाला वाटतं की मी आईची वाटणी मागतेय.” त्याने मान हलवली. मग तो माझं सांगू लागला: “हिशेब मांडला नाही तर सगळं एकाच बाईवर पडतं आणि आपण त्याला माया म्हणतो, असं हिचं म्हणणं.” मला माझा मुद्दा इतका नेटका मांडता आला नसता.

आणखी एका क्षणी बाईंनी छापील प्रश्न बाजूला ठेवला. “तुम्हाला काय वाटतं?” यावर दादा म्हणाला, “मला काय वाटतं हा प्रश्नच नाही. काय करायला हवं, ते बोला.” बाईंनी लगेच विचारलं, “मग चांगल्या मुलाने इथे काय करावं?” दादा एरवी तुटक बोलतो. त्या दिवशी थांबेना. स्क्रीनवर उरलेली मिनिटं दाखवणारं घड्याळ तेवढं लाल होऊन लुकलुकत राहिलं. ते काढून टाका.

स्वतंत्र बैठकीत बाईंनी वहिनीलाही बोलावलं. दादा कर्तव्याबद्दल आणि मी न्यायाबद्दल तावातावाने बोलत होतो. वहिनीला झोप हवी होती. दिवसाचं तिला जमत होतं, रात्री तीनतीनदा उठणं जमत नव्हतं. व्यवस्थापन आणि संघर्ष यांवर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 च्या व्याख्यानात ग्रंथालयातल्या खिडकीचा किस्सा सांगितला आहे. एकाला खिडकी उघडी हवी, दुसरीला अंगावर थेट वारा नको. शेवटी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. आमची शेजारची खोली म्हणजे रात्रपाळीची मदतनीस. दिवसभर आई घरच्या माणसांच्या हाती राहते म्हणून दादा तयार झाला. सुट्ट्यांत जाऊन राहायचं मी कबूल केलं. तो अजूनही मला हिशेबी समजतो आणि मी त्याला हट्टी. त्याचा सेवेशी संबंध नाही.

धाक किंवा मारहाण असलेल्या घरांनी या वाटेला जाऊ नये. तिथे दोघांना समोरासमोर बसवणंच धोक्याचं असतं. फॉर्ममध्ये त्याबद्दल एक प्रश्न आहे, पण तो शेवटच्या पानावर.

करारनाम्याच्या मसुद्यात फक्त नोंदणी केलेले दोन पक्ष होते, दादा आणि मी. जिच्या झोपेवर सगळं ठरलं तिचा उल्लेखच नव्हता. मी कळवलं, आणि बऱ्याच दिवसांनी सुधारित प्रत आली. त्यात वहिनीचं नाव ‘इतर’ या रकान्यात आहे.